आरशातून बांधलेली तार

"ताई, उतरा आता खाली," अल्पेश म्हणाला.

मी विमानाला लावलेल्या स्टँडवर होते. पॅनेल लावायचं राहिलं होतं आणि मी बॅटरी घेऊन पुन्हा आत डोकावत होते.

"एकदाच बघते."

"हे तुमचं तिसरं एकदाच आहे."

खाली उभ्या असलेल्या दोघा टेक्निशियननी तोंडं फिरवून हसू लपवलं. मी उतरले. पॅनेल दुसऱ्या कोणीतरी लावलं, आणि ते लावत असताना माझी मान आपोआप वर गेली. अल्पेशने तेही पाहिलं.

अल्पेश माझ्या हाताखाली शिकलेला. तो ट्रेनी म्हणून हँगरला आला तेव्हा मी परवाना असलेली इंजिनीअर होते आणि तो माझ्या मागे पाने-पकडी घेऊन फिरायचा. आता तो शिफ्ट इनचार्ज होता आणि मी त्याच्या देखरेखीखाली. नियमच तसा आहे. विमान दुरुस्तीचा परवाना कपाटात ठेवून टिकत नाही. काम सुटलं की सहीचा अधिकार जातो. तो परत हवा असेल तर सहा महिने कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करून दाखवावं लागतं. माझे सहा महिने संपत आले होते. शेवटी अल्पेशला सांगायचं होतं की हिच्या सहीवर विमान उडायला सोडलं तरी चालेल. हे तो सांगेल की नाही, याची मला खात्री वाटत नव्हती. वय चाळिशीच्या पुढे. आता नाही मिळालं तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

दुपारी कँटीनमध्ये तो माझ्या समोर येऊन बसला.

"रागावू नका. काम तुमचं एक नंबर आहे. पण तुम्ही काम सोडत नाही. दुसरा माणूस तपासायला चढला तरी तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघत असता. मग दोघं बघून काय फायदा? एकच माणूस दोन डोकी घेऊन उभा."

"सवय लागली आहे."

"कसली?"

मी डब्याचं झाकण लावलं. त्याला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा तो आमच्या गावी, जूचंद्रला, घरी येऊन गेला होता.

"पुढच्या आठवड्यात शेपटीतलं काम आहे," तो उठता उठता म्हणाला. "ते तुम्ही करा. डुप्लिकेट क्षितिजा करेल. ते बघून मी काय ते ठरवतो."

डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याने केलेली तपासणी. विमान वळवणाऱ्या, वर-खाली नेणाऱ्या भागांना हात लावला की ती करावीच लागते. ज्याने काम केलं त्याने बाजूला व्हायचं, आणि त्या कामाशी काही संबंध नसलेल्याने स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी पुन्हा सगळं बघायचं. पहिल्याने काय केलं, कुठे अडलं, हे सांगायचंही नाही.

हे मला कोणत्याही पुस्तकाच्या आधी बाबांनी शिकवलं होतं.

माझे आजोबा मिठागरावर राबले. बाबांनी, म्हणजे शत्रुघ्न यांनी, विमानतळावर विमानं धुणारा हेल्पर म्हणून सुरुवात केली आणि टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी ते विमानाच्या मॅन्युअलमधूनच शिकले, त्यामुळे त्यांचं इंग्रजी फक्त आज्ञा देणारं होतं. रिमूव्ह, इन्स्टॉल, टाइटन, चेक. आई चुलीपाशी दुसऱ्याच कोणाशी बोलत बसली असली की ते ओटीवरून ओरडत, "हंसा, रिमूव्ह दूध!" आणि आई आतून म्हणे, "तुमीच येऊन रिमू करा."

रविवारी ते परसात काम करत. हँगरमधून टाकून दिलेल्या तारेचे तुकडे ते आणत आणि कारल्याचा, पडवळाचा मांडव त्या तारेने बांधत. गावात दुसऱ्या कोणाचा मांडव तसा नव्हता. प्रत्येक गाठीचा पीळ सारखा, शेवट आत वळवलेला, कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून. आमच्या गावातल्या पोरी ज्या वयात रांगोळीची रेघ सोडायला शिकतात, त्या वयात मी तार पिळायला शिकले. मी पिळलेली तार ते नजरेसमोर धरत, मग डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत.

"डोळे का मिटता?" मी एकदा विचारलं.

"डोळ्याला आवडलं की तो लबाडी करतो. अंगठ्याला आवडनिवड नाय."

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसायचो. विमानं आमच्या डोक्यावरून उतरणीला लागत. बाबा वर न बघता सांगत, पंख्याचं आहे की जेट, आणि मी धावत अंगणात जाऊन खरं-खोटं करायची. मी परवान्याची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. हाताखाली काम करणाऱ्यांशी नीट वाग, एवढंच म्हणाले. काही वर्षं आम्ही दोघं एकाच हँगरमध्ये होतो. तिथे ते मला मॅडम म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसले, तर घरी येऊन माझ्यावर रागावले होते.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं. मी नोकरी सोडली. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. आई एकटी त्यांना उचलू शकत नव्हती, एवढं कारण पुरेसं होतं. सात वर्षं ते खाटेवर होते.

त्या सात वर्षांत घराचंच हँगर झालं. रात्र माझी, सकाळ आईची, दुपारनंतर पुन्हा मी. पाळी बदलताना बाबा अर्ध्या जिभेने म्हणत, "हँडओव्हर दे." मग आईने खाटेशी उभं राहून सांगायचं. "पेज प्यायले. पानी प्यायले. गोली घेतली, तोंड वाकडं करून घेतली. दोनदा रागावले." हे शेवटचं ती मुद्दाम जोडायची. बाबांचं अर्धं तोंड हसायचं.

मी मात्र हँडओव्हर मिळाल्यावरही पुन्हा बघायची. गोळीचं पाकीट, पाण्याचा तांब्या, अंगाखालची चादर. झोपेतून उठून श्वास बघायची. आईची पाळी असली तरी.

ते गेले ते आईच्या पाळीत. सकाळी. मी रात्रभर जागून आतल्या खोलीत झोपले होते. आईने मला हाक मारली तेव्हा सगळं झालं होतं.

त्यानंतर वर्ष होत आलं, तरी मी आईला विचारत होते. पेज किती वाजता दिलीस? पाणी आधी की नंतर? ठसका लागला होता का? कुशीवर होते की उताणे? ती प्रत्येक वेळी सांगायची, आणि प्रत्येक वेळी तेच सांगायची. एकदा फक्त भाजी निवडता निवडता हात थांबवून म्हणाली, "कितीदा इचारशील गं बाय? मी काय चोरलंय?"

मी त्या दिवसापुरतं विचारणं थांबवलं.

शेपटीतल्या कामाच्या दिवशी मी पहाटे बापाणे फाट्यावरून कंपनीची गाडी पकडली. अल्पेश हँगरच्या दारातच होता. क्षितिजा त्याच्या बाजूला उभी राहून केस टोपीत खोचत होती. ती विरारची, तिशीही न गाठलेली, बोलायला फटकळ आणि कामाला चोख.

"नियम ऐका," अल्पेश म्हणाला. "तुम्ही दहादा बघा, वीसदा बघा. पण क्षितिजा वर चढली की तुम्ही हँगरच्या बाहेर. चहा प्या, फोनवर बोला, काहीही करा. आत दिसलात तर माझ्याकडून होकार नाही."

"आणि मॅडम, बाहेरून काचेतून पण नाही हां," क्षितिजा म्हणाली. "मला पाठीत नजर टोचते, सच्ची."

विमान पंख्याचं होतं, छोट्या गावांना जाणारं. त्याच्या शेपटीच्या पोटात एक दांडा असतो. वैमानिकाने समोरचा दांडा ओढला की तारांमधून ती ओढ इथवर येते आणि विमान नाक वर करतं. शेपटीतला तो दांडा दोन बोल्टवर बसलेला. मला ते बोल्ट बदलायचे होते, ठरलेल्या जोराने घट्ट करायचे होते आणि दोघांना मिळून तारेने बांधायचे होते.

तार बांधण्यात एकच अक्कल असते. बोल्टच्या डोक्यात बारीक भोक असतं, त्यातून तार ओवायची आणि पिळत दुसऱ्या बोल्टपर्यंत न्यायची. ती अशा बाजूने ओढली गेली पाहिजे की एक बोल्ट सैल व्हायला गेला तर तारेने त्याला उलट घट्टच केलं पाहिजे. चुकीच्या बाजूने ओढली तर तार नुसता दागिना.

आत एका वेळी एक माणूस जेमतेम कंबरेपर्यंत शिरतो. खालचा बोल्ट समोर होता. वरचा दांड्याच्या मागे, तिथे नजर पोचत नाही. आम्ही अशा जागी लांब दांडीचा छोटा आरसा वापरतो. डाव्या हातात आरसा, दातात बॅटरी, उजव्या हाताने काम. सात वर्षांनंतरही बोटं विसरली नव्हती. पीळ सारखा आला. शेवट आत वळवला. आरशात पाहिलं, बरोबर होतं. पुन्हा पाहिलं. बाहेर येऊन श्वास घेतला, घाम पुसला, परत आत जाऊन तिसऱ्यांदा पाहिलं. मग स्वतःला सांगितलं, पुरे.

"झालं," मी खाली उतरून म्हटलं.

क्षितिजा चढली. मी चालत बाहेर गेले.

हँगरच्या मागे एक सिमेंटचा कट्टा आहे. चहाचा पेला हातात घेऊन मी तिथे बसले. पाठ हँगरकडे. समोर धावपट्टीच्या कडेचं वाळकं गवत आणि त्यात बगळे. मनात हात पुन्हा आत जात होता, तार चाचपत होता. उठावंसं वाटलं. उठलेही, आणि पुन्हा बसले. पाळी दुसऱ्याची असताना नुसतं बसून राहायचं, हे मला गेल्या कित्येक वर्षांत जमलेलं नव्हतं. चहा गार झाला तरी मी बसून राहिले.

"मॅडम, जरा येता?"

क्षितिजा दारात होती. फटकळ मुलगी, पण माझ्याकडे न बघता बोटांनी हातमोजे चाळवत होती. मागे अल्पेश, हाताची घडी घालून.

"काय ते सांग."

"वरच्या बोल्टची तार... उलटी आहे."

"शक्य नाही. मी तीनदा पाहिलं."

"कसं पाहिलं?"

"आरशात."

ते बोलले आणि माझं मलाच कळलं. आरशात डावं उजवं होतं. घट्ट व्हायची दिशा सैल व्हायची दिसते. शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यात हे सांगतात. मी स्वतः अल्पेशला सांगितलं होतं. आरशातून जागा बघायची, दिशा कधीच बघायची नाही. मी तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच आरशात. शंभरदा पाहिलं असतं तरी शंभरही वेळा बरोबरच दिसलं असतं.

"तुला कशी कळली?"

"मी आरसा नेलाच नाही. मला त्याने चक्कर येते," क्षितिजा म्हणाली. "डोळे मिटून हात घातला नि बोटाने तार कुठून कुठे जाते ते बघितलं. सॉरी मॅडम."

"सॉरी कशाला?"

मी पक्कड घेतली आणि आत जाऊन तार कापली. नवीन तार चाचपत ओवली, बोटांच्या भरवशावर. या वेळी एकदाच बघितली, अंगठ्याने. मग उतरले आणि कोणी न सांगता पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. बगळे एव्हाना उडून गेले होते. सहीचा अधिकार गेलाच, असं मी धरून चालले होते. पण त्या भीतीखाली दुसरंही काही होतं, ते मला नीट ओळखता येईना. खूप वेळ जड काही धरून उभं राहावं आणि पलीकडून कोणीतरी हात लावावा, तसं काहीसं.

"ओके आहे," क्षितिजा दारातून ओरडली. "आता एकदम ओके."

जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा उचलून तिच्यासमोर नेऊन ठेवला.

"हे काय?"

"आमच्या वेळची रीत. ज्याच्या कामात चूक सापडली, त्याने त्या दिवशीचा डबा चूक काढणाऱ्याला द्यायचा. मग त्या चुकीवरून कोणी चिडवायचं नाही."

खरं तर ती माझ्याही आधीची, बाबांच्या वेळची रीत होती. सांडोर गावचे ज्युलियसकाका आणि बाबा वर्षानुवर्षं एकमेकांचं काम तपासत. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण ज्या दिवशी डब्यात असेल त्या दिवशी ज्युलियसची नजर जास्त तीक्ष्ण होते, असा बाबांचा आरोप होता. ज्युलियसकाकांच्या घरी सणाचं इंद्याल, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, झालं असलं की दुसऱ्या दिवशी बाबा त्यांच्या कामावर भिंग घेऊन तुटून पडत. रुसवा कधी झाला नाही. बाबा गेले तेव्हा काकांना उभं राहवत नव्हतं, तरी काठी टेकत आले आणि ओटीवर बसून राहिले.

"म्हणजे मी पूर्ण खायचा? तुम्ही काय खाणार?" क्षितिजाने डबा उघडला. "अरे देवा, बोंबील! घरी हे आणलं की मम्मी मला गॅलरीत बसवते."

"खा. पण भाकरी हाताने मोड, चमचा नको."

अल्पेश पाणी प्यायच्या निमित्ताने आला आणि तिथेच रेंगाळला. एक बोंबील त्याने न विचारता उचलला.

"सोमवारपासून सही करा," तो चघळत म्हणाला.

मला वाटलं तो क्षितिजाशी बोलतोय.

"ताई, तुम्हाला सांगतोय."

"अल्पेश, आज चूक झाली माझ्या हातून."

"झाली ना. बरं झालं. पाच महिने तुमची एक चूक सापडेना, मला तर टेन्शन आलं होतं, ही बाई माणूस आहे की मशीन. चुका सगळ्यांच्या होतात. मला हे बघायचं होतं की सापडल्यावर तुम्ही काय करता. आणि बाहेर बसता की नाही." त्याने हात पुसले. "दुसऱ्यांदा तर मी सांगितलं पण नव्हतं. मी म्हटलं, गेल्या कुठे? बघतो तर कट्ट्यावर."

मी मान हलवली.

संध्याकाळी फाट्यावर उतरून घरी आले. आई ओटीवर बसली होती. मी चपला काढून हात धुवायला गेले, तेवढ्यात तिने आत जाऊन ताट घेतलं.

"कोनी खाल्ला डबा?"

"तुला कसं कळलं?"

"तुज्या बाबाचं तोंड असंच व्हायचं. भुकेलेलं, पन बरं वाटल्यासारकं." तिने भात वाढला, त्यावर डाळ. "काय चुकलंस?"

मी सांगितलं. आरशाचं तिला समजेना, म्हणून भिंतीवरच्या आरशासमोर नेऊन हातातला चमचा फिरवून दाखवला. तिने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे मी रोज भांग उलट्या हातानं पाडतंय." मग सोमवारपासून सही करायची आहे हेही सांगितलं. माझ्या ताटात आणखी भात पडला.

मी जेवत होते. आई समोर पाट घेऊन बसली होती. त्या सकाळबद्दल विचारायचं माझ्या मनात आलं नाही, आणि आलं नाही हे बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं असावं, कारण तीच बोलायला लागली.

"त्या दिवशी पेज झाल्यावर मी म्हनलं, दीपाला उठवतंय, तुमी आज गप गप वाटताव. तर डाव्या हातानं माजा पदर धरला. म्हनले, तिला झोपू दे. तिची शिफ्ट नाय."

माझा घास हातातच राहिला.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आई."

"तू इचारलंस कवा? तू टाइम इचारायचीस. गोली इचारायचीस." तिने पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या, घाम पुसावा तशा. "मंग मी इथंच बसलू, खाटेला टेकून. त्यांनी पदर सोडला नाय. मी पन सोडवला नाय."

बाहेर अंगणात कोणाची तरी मोटरसायकल येऊन थांबली आणि पुढे गेली. मी डाव्या हाताने आईचा हात धरला. तिचा तळवा खरखरीत होता, गरम होता.

"जेव आता," ती म्हणाली. "डाल निवतेय."